सिस्टर पुन्हा वर्गात जातात तेव्हा

दवाखान्यात आपण ज्यांना ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, त्यांतल्या पुष्कळ जणी जीएनएम झालेल्या असतात. बारावीनंतर तीन वर्षांची पदविका, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी, आणि लगेच वॉर्ड. त्यांतल्या काही दहा-पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा कॉलेजात जातात. पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हा दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम खास त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे तो नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत चालतो.

‘या वयात कशाला?’ असं त्यांना घरीदारी विचारतात. एमएस्सी करायची किंवा कॉलेजात शिकवायचं, तर आधी पदवी लागते, हे त्याचं सरळ उत्तर. मला मात्र या अभ्यासक्रमातल्या एका विषयाचं फार मोल वाटतं. तो म्हणजे संशोधन आणि संख्याशास्त्र.

उदाहरणार्थ, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. नाहीतर माकडहाडापाशी, टाचांवर त्वचा लाल होते आणि पुढे जखम होते. कोणत्या रुग्णाला धोका आहे, हे अनुभवी सिस्टरना पाठीला पावडर लावतानाच कळतं. रात्रपाळीला माणसं कमी असली की कूस बदलणं राहून जातं, हेही त्या जाणतात. वरिष्ठांना त्यांनी ते सांगितलेलंही असतं. पण तोंडी सांगितलेली गोष्ट तक्रारीत जमा होते. त्याच सिस्टरनी दोन महिने नोंद ठेवली, की कोणत्या पाळीत एकेका सिस्टरकडे किती रुग्ण होते आणि नव्या जखमा किती झाल्या, तर त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. ही नोंद कशी ठेवायची आणि कशी मांडायची, ते इथे शिकायला मिळतं.

म्हणूनच एक गोष्ट मला सलते. हजारो सलाइनी लावलेल्या बाईंना वर्गात पुन्हा पहिल्या दिवसाच्या विद्यार्थिनीसारखं वागवलं जातं, पानंच्या पानं जर्नल उतरवायला लावलं जातं. त्यांना वॉर्डातले प्रश्न विचारले, तर शिकवणाऱ्यांच्याही हाती काही लागेल.

रजेचा प्रश्न त्याहून कठीण. सरकारी नोकरीत अध्ययन रजेची किंवा प्रतिनियुक्तीची वाट आहे, पण नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. खासगी दवाखान्यात बहुधा राजीनामाच द्यावा लागतो, आणि दोन वर्षं पगार नाही म्हटल्यावर कितीतरी जणी अर्ज भरतच नाहीत. दवाखान्यांनी परत येण्याची हमी जरूर लिहून घ्यावी, पण जागा राखावी आणि निदान अर्धा पगार चालू ठेवावा.

आणि बाई पदवी घेऊन परतल्या, की त्यांना जुन्याच पाळीत जुंपून मोकळं होऊ नये. वॉर्डातल्या संसर्ग-नियंत्रणाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवावी आणि त्यासाठी लागणाऱ्या नोंदींना ड्यूटीच्या तासांतला वेळ द्यावा. ड्यूटी संपल्यावरचा नव्हे.