मित्रही नाही म्हणतात



देवबागसमोरचा हाच समुद्र पलीकडे आखाताला मिळतो. २००३ साली माझे मामू कुवेतला नोकरीला होते. शेजारच्या इराकवर हल्ला होणार, म्हणून नानी रोज फोनजवळ बसायची. तेव्हा मला वाटायचं, सगळा पश्चिम आपल्याविरुद्ध एक झालाय.

तसं नव्हतं. अमेरिका-ब्रिटन युद्धाला निघाले, तर नाटोतलेच फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम आडवे आले. १५ फेब्रुवारीला लंडन, रोममध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. १ मार्चला तुर्कस्तानच्या संसदेत अमेरिकी फौजेला वाट देण्याचा ठराव पडला.

तरीही २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडले. मग एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेनं एकमतानं युद्धाची निंदा केली. तेव्हा अध्यक्ष होते मनोहर जोशी. अमेरिकेनं मागितलेलं सैन्यही जुलैमध्ये भारतानं नाकारलं.

मामू सुखरूप राहिले. कितीतरी इराकी घरांच्या नशिबी ते नव्हतं.

म्हणून सांगतो, जगाची 'ते' आणि 'आपण' अशी वाटणी करू नका. नाही म्हणणारी माणसं प्रत्येक देशात असतात. त्यांना ओळखा. आणि पुन्हा युद्धाचे ढग दिसले, तर स्टेटस ठेवून थांबू नका. आपल्या खासदाराला पत्र लिहा.