वाट दाखविणारी पाटी



आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे वाचन आम्ही दुकानांच्या आणि रस्त्यांवरच्या पाट्यांवर केले. तेव्हा पाटी या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे, असे समजावे.

अमेरिकेत १९६५ साली, जॉन्सन अध्यक्ष असताना, महामार्गांच्या सुशोभनाचा कायदा झाला. मोठ्या रस्त्यांच्या हद्दीपासून ६६० फुटांच्या आतील जाहिरातफलकांना आळा घालावयाचा आणि जे राज्य ऐकणार नाही त्याच्या रस्ते-अनुदानातून १० टक्के कापावयाचे, असा तो कायदा. त्यातून दिशादर्शक पाट्यांना सूट मिळाली. सरकारी स्थळे आलीच. पण खाजगी मालकीची ऐतिहासिक, शैक्षणिक, धार्मिक स्थळेही आली. पाटी १५० चौरस फुटांहून मोठी नको, एका वाटेवर एका स्थळाच्या तीनच, दोहोंत मैलाचे अंतर. एवढे ठीक. पुढची अट मात्र आम्हांला खटकते. खाजगी स्थळ देशात, निदान त्या भागात, प्रसिद्ध असले पाहिजे! अहो, प्रसिद्ध असते तर पाटी कशाला हवी होती?

दुसरी सोय निळ्या फलकांची. त्यांवर पेट्रोलपंप, खानावळी, हॉटेले यांची चिन्हे लागतात, प्रेक्षणीय स्थळांचीही लागतात. पण त्याला दरवर्षी फी. बडे हॉटेल ती हसत भरील. देणग्यांवर चालणाऱ्या संग्रहालयाने फी भरावी की गळके छप्पर शाकारावे? चार-चार आण्यांची वर्गणी गोळा करणाऱ्या आम्हांला हा हिशेब कोणी शिकवावयास नको.

न्यू जर्सीतील हेलडन गावी बोट्टो या रेशीमकामगार कुटुंबाचे १९०८ साली बांधलेले घर आहे. १९१३ च्या संपात पॅटरसन शहरात कामगारांच्या सभा बंद पाडल्या गेल्या, तेव्हा शेजारच्या हेलडनच्या समाजवादी मेयरने त्यांना आसरा दिला. रविवारी या घराच्या सज्जातून एलिझाबेथ गर्ली फ्लिन, बिल हेवूड बोलत. खाली हजारोंची गर्दी. संप फसला, घर उरले. आता तेथे कामगारांचे संग्रहालय आहे, नफ्यासाठी न चालणारे. आमच्या हाती असते तर पहिली पाटी आम्ही अशाच घराची लावली असती.

संपकऱ्यांना पाटी लागली नाही. पुढे चालणाऱ्याला विचारले की वाट कळे. आजचा पाहुणा मोटारीच्या काचा लावून साठ मैलांच्या वेगाने येतो. वळण हुकले, तर त्याला हाक मारणारे रस्त्यावर कोणी नसते.