पन्नाशीनंतरची कादंबरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निरोप धाडला, तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर मी तीस वर्षे बोलत आलो आहे. आडतीच्या ओट्यावर बोललो, कचेऱ्यांच्या फाटकाबाहेर बोललो, आणि बोलून बोलून घसाही बसवून घेतला. म्हणून मी त्यांना म्हटले, यंदा मला कादंबरीवर बोलू द्या. ते जरा चपापले. नववीतून शाळा सुटलेल्या, हमालांच्या युनियनमध्ये आयुष्य घातलेल्या माणसाने कादंबरीवर काय बोलावे? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून श्रोते विद्वानांना ऐकत आले आहेत. एखाद्या वर्षी साध्या वाचकाला ऐकून घ्यायला हरकत नसावी. मी टीकाकार नव्हे. ऐन उमेदीत कादंबरी टाकून दिलेला आणि पन्नाशी उलटल्यावर तिच्या दाराशी पुन्हा येऊन उभा राहिलेला एक माणूस आहे, इतकेच.

मी मूळचा नांदेडचा. वडील उस्मानशाही गिरणीत होते. आमच्या घरात घड्याळ नव्हते, गिरणीचा भोंगा होता. शेजारच्या एका गृहस्थांची ग्रंथालयात वर्गणी होती. त्यांची पुस्तके पोचवण्याचे आणि बदलून आणण्याचे काम माझ्याकडे असे. वाटेत वाचून होईल तेवढे माझे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी सुरुवात झाली आणि एके दिवशी अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ हाती आली. १९५९ साली आलेली ही कादंबरी लिहिणारा माणूस शाळेची पायरी जेमतेम चढला होता आणि मुंबईत पोटासाठी पडेल ते काम करत होता, हे मला कोणीतरी सांगितले. तेव्हा वाटले, पुस्तके आपल्यासारख्यांच्या घरातूनही निघतात तर! त्या रात्री दिवा मालवायला आई तीनदा ओरडली होती.

आपल्या मराठवाड्यात वाचन हा कधी निव्वळ विरंगुळा नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरचे शिक्षण उर्दूतून. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. अशा वेळी गावातले मराठी वाचनालय म्हणजे चार माणसांनी एकत्र बसायची जागा. पुढे याच नांदेडात नरहर कुरुंदकर झाले. मराठी कादंबरीवर त्यांनी ‘धार आणि काठ’ लिहिले, रणजित देसायांच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना लिहिली. १९८२ साली ते गेले तेव्हा मी लहान होतो; पण माझ्या वडिलांसारखे गिरणीतले लोकसुद्धा ‘कुरुंदकर गुरुजींचे व्याख्यान’ म्हटले की डबा ठेवून तसेच निघत, हे मी पाहिले आहे.

अशा गावात वाढलेला मुलगा कादंबरी कशी सोडतो? सांगतो. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, पोटासाठी लातूरला आलो. डाळमिलमध्ये पोती उचलली. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कोणत्या रस्त्यावर उधार चहा मिळतो, हे महिन्याभरात कळले. मग युनियनशी गाठ पडली. तिथले एक जुने कार्यकर्ते मोठे निःस्वार्थी, पण कडक. माझ्या पिशवीतली कादंबरी पाहून ते म्हणाले, “हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. तू १९६९ चा माथाडी कायदा वाच.” मी वाचला. खरे सांगतो, त्यांचे काही चुकले नव्हते. कायदा येत नसलेल्या हमालाला कोणीही फसवू शकतो. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा, औद्योगिक विवादाचा १९४७ चा कायदा, निवाडे, परिपत्रके यांतच माझी पुढली तीस वर्षे गेली. साहित्य म्हणून एकच पुस्तक चाले, गॉर्कीची ‘आई’. तेही मी धडा म्हणून वाचले. संप कसा उभा राहतो, पत्रके कशी वाटतात, एवढेच त्यातून घेतले.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीची जमीन हलली. आम्ही पोरे धावलो आणि आठवडाभर याद्या केल्या. मेलेले किती, जखमी किती, घोंगड्या किती. याद्या केल्याच पाहिजेत. यादी नसेल तर घोंगडी पोचत नाही. पण हळूहळू मला माणूस यादीतच दिसू लागला. ही सवय कधी जडली ते माझे मलाच कळले नाही.

एक प्रसंग सांगतो. नाव कोणाचे घेत नाही. एका आडतीवर पोत्यांची थप्पी कोसळली आणि आमचा एक हमाल दगावला. भरपाईचा अर्ज मीच लिहिला. असे अर्ज लिहून लिहून माझी वाक्ये ठरून गेली होती. ‘मयत हा कुटुंबातील एकमेव कमावता होता.’ त्याची बायको समोर बसली होती. मी वय विचारले, मुले विचारली, अंगठा घेतला. ती काही सांगू पाहत होती, मी म्हणालो, “बाई, ते अर्जात लागत नाही.” भरपाई मिळाली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढे काही वर्षांनी मीच पाय घसरून पडलो आणि कंबर धरली. तीन महिने अंथरूण. मुलगी बी. ए. करत होती; तिच्या अभ्यासाच्या पुस्तकांत रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ होती. बोराडे तर आपल्या लातुराजवळच्या काटगावचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. १९७१ सालची ही लहानशी कादंबरी मी हाती घेतली ती वेळ काढायला.

पहिले दोन दिवस काही जमेना. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो! निवाडा वाचावा तसा मुद्दा शोधत होतो. चार पाने झाली की मन बाजारात जाई. तिसऱ्या दिवशी कंटाळून मोठ्याने वाचू लागलो आणि एकदम कानाला ओळख पटली. ही तर माझ्या आत्याची बोली! खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्या घरातली बाई सांगते आहे. कागदावर बाई बोलत होती, आणि मध्येच ‘ते लागत नाही’ म्हणायला तिथे मी नव्हतो. पेन्सिल बाजूला ठेवली. शेवटाला आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगी चहा घेऊन आली, तर तिचा बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला.

मला आठवली ती समोर बसलेली बाई.

काठी टेकत चालता येऊ लागल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, “भाऊ, कागूद ऱ्हायला का काही?” मी म्हणालो, “कागद नाही. त्या दिवशी तुम्ही काही सांगत होता, ते ऐकायचे राहिले.” बराच वेळ ती बोलली नाही. मग दाराच्या चौकटीकडे बोट केले. तिथे खिळ्याला नवऱ्याचा पोती उचलायचा आकडा टांगलेला होता. लेकरू रांगते होते तेव्हा एकदा त्याला तो टोचला. तेव्हापासून आकडा त्याने कधी उंबऱ्याच्या आत आणला नाही. तो गेला त्या दिवशी कोणीतरी आकडा आणून घरात ठेवला, आणि तिने रडणे थांबवून आधी तो बाहेर टांगला. तिला एवढेच सांगायचे होते. अर्जातल्या मालमत्तेच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिले होते.

आता आपण म्हणाल, यात कादंबरीने काय केले? भरपाईची रक्कम एका रुपयाने वाढली नाही. खरे आहे. कादंबरीने भाकर मिळत नाही, आणि मिळते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण मी ज्यांच्यासाठी भांडत होतो त्यांचे बोलणे ऐकायचे विसरलो होतो, हे मला कुठल्या परिपत्रकाने सांगितले नाही.

त्यानंतर मी अधाशासारखा वाचत सुटलो. आनंद यादवांची ‘गोतावळा’ वाचली. शेतावरचा सालगडी नारबा, त्याची जनावरे, आणि मग येणारा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर माझे मत तयार होते. पण मुक्या जनावरांवाचून एकटा पडणारा माणूस त्या मतात कुठे बसेना. अरुण साधूंची ‘सिंहासन’ वाचली. तिच्यात डिकास्टा नावाचा कामगार पुढारी आहे. आपल्याच धंद्याचा माणूस दुसऱ्याच्या नजरेने पाहताना मी अंगाखांद्याला चाचपून पाहिले, की यातले आपल्यात किती! आणि ‘आई’ पुन्हा काढली. तरुणपणी माझ्या ध्यानातच राहिले नव्हते की ती चाळिशीतली, नवऱ्याच्या माराने भेदरलेली बाई उतारवयात अक्षरे गिरवायला बसते, आणि तिला त्याची लाज वाटते. पंचविशीत मी फक्त तिच्या मुलाचे ऐकले होते.

याला मी आनंद म्हणतो. करमणुकीहून तो निराळा आहे. आम्हा चळवळीतल्या माणसांना दिवसभर बाजू घ्यावी लागते, घेतलीच पाहिजे. कादंबरीत मात्र घटकाभर कोणालाही निकाल द्यायचा नसतो. आडत्याच्या घरातही बसता येते आणि हमालाच्याही. सकाळी उठून बाजू तीच घ्यायची, पण समोरच्याचा चेहरा पाहून. माझ्या अनुभवाने भांडण त्यामुळे मवाळ होत नाही. त्यातला आंधळेपणा तेवढा कमी होतो.

गेली दोन वर्षे बाजारात दुपारचे सौदे आटोपले की आम्ही सात-आठ जण पोत्यांना टेकून बसतो आणि कोणीतरी मोठ्याने वाचतो. सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’ने केली. शेवटी दुष्काळ पडतो आणि गाव रिकामे होते. ऐकणारे सगळे गप्प. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी येऊन पिणारे हे लातूरकर. त्यांना दुष्काळ समजावून द्यावा लागत नाही. एक म्हातारा हमाल, ज्याला सही येत नाही, एवढेच म्हणाला, “मास्तर एकलाच ऱ्हायला की.” माझ्या मते ती त्या कादंबरीवरची उत्तम टीका आहे.

तेव्हा मित्रहो, ज्यांनी संसारात, नोकरीत, चळवळीत कादंबरी टाकून दिली असेल त्यांना माझे सांगणे थोडके आहे. पहिली चाळीस पाने मन पळेल, पळू द्या. मुद्दा शोधू नका. न जमल्यास मोठ्याने वाचा. घरातले कोणीतरी ऐकत बसेल. आणि पुस्तक विकत घेणे झेपत नसेल तर गावच्या ग्रंथालयात जा. तिथला माणूस बहुधा वाटच पाहत असतो.

मी आता अर्ज लिहितो तेव्हा ठरलेले वाक्य लिहितोच. कायद्याला ते लागते. पण लिहून झाल्यावर पेनाला टोपण घालतो आणि विचारतो, “आणखी काही सांगायचे आहे का?” बहुतेक जण सांगतात. त्यातले अर्जात काही जात नाही. ते मी ऐकून घेतो.