कंपनीशी करार, त्यात आपली ओळ कुठे?



मी भिवंडीचा. लूमच्या खडखडाटात वाढलो. आवाज थांबला की समजायचे, लाइट गेली. आणि लाइट गेली की कारागिराची मजुरी बुडाली, कारण त्याला पैसे मिळतात ते विणलेल्या कापडावर. म्हणून ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हा जड विषय मी आज विजेवरूनच सांगणार आहे.

२६ जानेवारी २००७ रोजी महावितरणने भिवंडीचे वीजवितरण फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे दिले. परवाना महावितरणचाच राहिला. कंपनीने ठरलेल्या दराने वीज घ्यायची, ती पुरवायची, बिले वसूल करायची आणि दुरुस्तीही करायची. त्याआधी भिवंडीत जाणाऱ्या निम्म्याहून जास्त विजेचे पैसे वसूल होत नव्हते. नव्या व्यवस्थेत गळती थांबली की फायदा थेट कंपनीचा. साहजिकच ट्रान्सफॉर्मर, केबल, मीटर बदलले गेले, चोऱ्या पकडल्या गेल्या आणि गळती बरीच उतरली. वाया जाणाऱ्या विजेसाठीही कुठेतरी कोळसा जळतोच, म्हणजे हा पर्यावरणाचाही फायदा. हे मोकळेपणाने मान्य करू या. २०२० मध्ये मुंब्रा, कळवा, शीळ भागही याच पद्धतीने दिला गेला.

पण करारात जे मोजले जाते, तेच सुधारते. गळती मोजली, ती घटली. एका खोलीत सहा-सात कारागीर राहतात, मीटर मालकाच्या नावावर असतो. त्या कारागिराला युनिट कितीला पडते, हे कोण मोजते? त्याची तक्रार किती दिवसांत सुटते, हे कोण विचारते? न्याय्य विकास म्हणतात तो या प्रश्नांपाशी सुरू होतो.

कंपनी आली म्हणून आपण नुसते गिऱ्हाईक झालो नाही. विजेचा दर कंपनी ठरवत नाही, तो राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी लोकांच्या हरकती मागवतो. २००३ च्या वीज कायद्यात कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तिथे राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तक्रारीसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. आपल्या मोहल्ल्यात हे किती जणांना ठाऊक आहे? रस्त्यावर घोषणा देणारे शंभर भेटतात, आयोगापुढे एक पानाची हरकत लिहिणारा एक भेटत नाही.

२०१७ मध्ये भिवंडीचा करार आणखी १० वर्षांसाठी वाढवला गेला. ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंतची. पुढचा करार कोणाशीही होवो, त्यात आपल्या तीन ओळी हव्यात. भाडेकरूला सोप्या कागदपत्रांवर स्वतःचा मीटर. तक्रारींचा निकाल किती दिवसांत लागला, याचा वॉर्डनिहाय जाहीर हिशेब. आणि कराराची प्रत मराठीत व उर्दूत, सर्वांना वाचता येईल अशी.

तुमच्यात कोणी कायदा शिकतो, कोणी कॉमर्स, कोणी इलेक्ट्रिकल डिप्लोमा. सुरुवात छोटी करा. येत्या रविवारी आपल्या गल्लीतल्या दहा घरांची बिले गोळा करा, ओळ न् ओळ वाचा आणि घरच्यांना समजावून सांगा. ज्याला आपले बिल वाचता येते, त्याला उद्या करारही वाचता येईल.