पोरांच्या हातची भेट

 

फेब्रुवारी लागला की जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याला पाच कंदिलाकडे दुकानं लाल दिसू लागतात. फुगे, गुलाब, मऊमऊ अस्वलं. पूर्वी हा व्हॅलेंटाइन डे कॉलेजच्या पोरांपुरता होता. आता पहिलीतलं लेकरूही मोबाइलवर पाहतं आणि विचारतं, "माय, आपण कोणाला काय द्यायचं?" सासूबाई म्हणतात, हा काही आपला सण नाही. खरंच नाही. एका ख्रिस्ती संताच्या नावाचा तो दिवस. तिकडे अमेरिकेत शाळेतली लहान मुलं त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना चिठ्ठ्या वाटतात, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. दिवस कोणाचा, यावर मी भांडत बसणार नाही. पण लेकराने विचारलेला प्रश्न चांगला आहे. "कोणाला द्यायचं?" त्याचं उत्तर दुकानात शोधायच्या आधी घरात शोधू या.

आपल्या पोरांचे हात काही रिकामे नाहीत. पोळ्याला ती मातीचे बैल करतात. गुलाबाईच्या दिवसांत पोरी खाऊ झाकून आणतात आणि "ओळखा" म्हणून अडवतात. देण्यातली गंमत त्यांना माहीत आहे.

तर आधी माणूस ठरवू द्या. तुम्ही सांगू नका, लेकराला ठरवू द्या. कोणी आजीचं नाव घेईल, कोणी अंगणवाडीच्या ताईंचं, कोणी गोठ्यातल्या गायीचंही घेईल. घेऊ द्या. आणि काही लेकरं अशा माणसाचं नाव घेतील जे आत्ता घरात नाही. धुळे जिल्ह्यातून, साक्री-शिरपूरकडून किती घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारीत कारखाने चालू असतात. आई-बाप तिकडे कोपीत आणि लेकरू इकडे आजीपाशी. हे लेकरू दिवसभर खेळतं, काही बोलत नाही. आपल्याला वाटतं, विसरलं. विसरलेलं नसतं. हातात काहीतरी करायला दिलं, की करता करता त्याच्या तोंडून निघतं. म्हणून त्याच्याशेजारी अर्धा तास बसायचं, हे ह्यातलं मुख्य काम आहे. कागद, रंग हे सगळं नंतर.

चिठ्ठीचा एक सोपा प्रकार सांगते. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवा. वहीचा कोरा कागद घ्या, कापसाच्या बोळ्याने हळदीचं पाणी त्यावर पुसा आणि कागद सावलीत वाळवा. पिवळाधमक होतो. मग कपड्याच्या साबणाचं थोडं पाणी वाटीत घ्या, त्यात काडी किंवा बोट बुडवून लेकराला कागदावर काढू द्या. जिथे साबण लागला तिथे हळद लाल होते. आपलं कुंकू असंच होतं, हळदीला चुना लागून. पोरं डोळे मोठे करून बघत राहतात. लिंबाचा थेंब टाकला की लाल पुन्हा पिवळं. म्हणजे चुकलं तर पुसताही येतं! चुना मात्र पोरांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो. साबणाचा हात डोळ्याला लागू देऊ नका, काम झालं की हात धुवा.

लिहिता येत नाही, असं चार वर्षांचं पोर असेल तर त्याने बोलावं आणि मोठ्या बहिणीने लिहावं. जसं बोललं तसंच लिहायचं, अहिराणीत बोललं तर अहिराणीत. "शुद्ध" करायला जाऊ नका. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता येत होतं? त्या जात्यावर, शेतात काम करता करता म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ ते उतरवून घेत. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये ते पुस्तक झालं. त्यांची बोली तशीच ठेवली म्हणून आज ती ऐकू येते. लेकराने सांगितलं, "बाबा, आपल्या शेळीले दोन पिल्लं झाले," तर तेवढंच लिहा. खाली "आपला आज्ञाधारक" जोडायची गरज नाही.

आता दुसरी वस्तू. ज्वारीचे वाळलेले धांडे घरोघरी आहेत. वरची साल काढली की आत पांढरा, हलका गाभा निघतो. त्याचे तुकडे आणि सालीच्या काड्या टोचून आपल्या आज्या-पणज्या गाडी, बैल, चष्मे करत. साल मोठ्या माणसानेच काढायची, ती ब्लेडसारखी कापते. गाभा लेकराला द्या. बांधायला दोरा नको, केळीचं वाळलेलं सोपट उभं फाडा, पाण्यात भिजवा, ते दोरीसारखं वळतं. रावेर-यावलच्या बायांना हे मी काय सांगावं! ओल्या केळीचा चीक मात्र फ्रॉकवर पडू देऊ नका, तो डाग जन्मभर जात नाही.

आमच्या गल्लीत सहा वर्षांच्या एका पोराने बापासाठी अशी बैलगाडी केली. एक चाक मोठं, एक लहान, गाडी कललेली. काकाने प्रेमानेच ती हातात घेतली आणि पाच मिनिटांत सरळ करून दिली. पोरगं म्हणालं, "आता ही काकाची झाली." आणि उठून गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा कललेली गाडी केली. बापाने आल्यावर ती फडताळात ठेवली, अजून आहे. वाकडं चाक हीच त्या पोराची सही.

काही गोष्टी टाळायच्या आहेत, त्या नीट ऐका. लाल-काळी गुंज दिसायला देखणी असते, चिठ्ठीवर चिकटवावी असं वाटतं. गुंज विषारी आहे. चावून पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. एरंडीच्या बियाही तशाच. ह्या दोन्ही घरातच आणू नका, आणि लेकराने तोंडात घातलीच तर वाट न बघता दवाखाना गाठा. हरभरा, तूर, मणी हे तीन वर्षांखालच्या पोरांपासून लांब ठेवा. ती नाकात घालतात, दाणा आत फुगतो, आणि आपण काडीने काढायला गेलो की आणखी आत जातो. तोही डॉक्टरनेच काढायचा. फवारणीच्या औषधाचा डबा किती का छान दिसेना, धुऊनसुद्धा फुलदाणी करायची नाही.

तयार झालेली वस्तू ऊसतोडीला पाठवायची कशी? कोपीला पत्ता नसतो. गावातलं कोणी तिकडे जात असेल तर त्याच्याकडे चिठ्ठी द्या, घडी करून खिशात मावते. कोणी जाणारं नसेल तर फोटो काढून पाठवा, आणि वस्तू जपून ठेवा, माणसं परत आली की लेकराच्याच हाताने द्या. मधल्या दिवसांत ती चुलीच्या जळणात गेली नाही ना, तेवढं आजीने बघायचं.

आणि भेट तुमच्याच हातात आली तर "हे काय केलंस?" असं विचारू नका. "मला सांग ना यात काय काय आहे," असं म्हणा. मग ऐका. भाजी करपली तरी चालेल एखाद दिवस.

चिकटवायला बाजारातला डिंक नसेल तर दोन चमचे मैदा किंवा ज्वारीचं पीठ वाटीभर पाण्यात शिजवा, सतत हलवा, घट्ट झाली की खळ तयार. लागेल तेवढीच करा. ऊन वाढायला लागलंय, उरलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबते आणि मुंग्याही येतात.