हिशेब कोणाच्या हाती? : ग्रामविकास आणि माहितीचे तंत्रज्ञान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जयपूर येथे दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षे एखादी संस्था परप्रांतात चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, हळदीकुंकू आणि वाचनालय यांच्या आधाराने आपल्या वडीलधाऱ्यांनी या गुलाबी शहरात मराठीपण जतन केले, त्याबद्दल त्यांना प्रथम वंदन करतो. आजच्या व्याख्यानासाठी संयोजकांनी सुचविलेला विषय सणासमारंभाच्या वातावरणास थोडा रुक्ष वाटेल. परंतु या विषयाच्या एका टोकाला आपला महाराष्ट्र आहे आणि दुसऱ्या टोकाला आपण जेथे राहतो तो राजस्थान आहे. म्हणून तो या व्यासपीठावर परका नाही, असे मला वाटते.

माहितीचे तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगणक, भ्रमणध्वनी, उपग्रह असे सारे उभे राहते. खेड्याला मात्र माहितीचे तंत्रज्ञान शतकानुशतके ठाऊक आहे. कुळकर्ण्याचे दप्तर, पाटलाची नोंद, सावकाराची वही, इकडे राजस्थानात पटवाऱ्याचा बस्ता, ही सारी माहिती साठविण्याचीच साधने होती. जमीन कोणाची, सारा किती, कर्ज कोणावर, या प्रश्नांची उत्तरे त्या कागदांत होती आणि ते कागद वाचता येणारे लोक गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याची जी कारणे त्यांनी मांडली त्यांत हे एक प्रमुख कारण होते. शेतकरी निरक्षर, लेखणी दुसऱ्याच्या हाती, त्यामुळे कागदावर काय चढले हे ज्याच्याविषयी ते चढले त्यालाच कळत नसे. विद्येचा आग्रह फुल्यांनी धरला तो या अनुभवातून.

आज लेखणीच्या जागी कळफलक आला आहे. तेव्हा आपण विचारावयाचा प्रश्न जुनाच आहे : हिशेब कोण लिहितो आणि तो कोणाला दिसतो? यंत्र कितीही वेगवान असो, या प्रश्नाचे उत्तर बदलल्याशिवाय खेड्याचे भाग्य बदलत नाही. हे विधान दोन उदाहरणांनी तपासून पाहू.

पहिले उदाहरण आपल्या कोल्हापूरकडचे. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी चळवळीने घडविलेले गाव. साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था, बालवाद्यवृंद असा तेथला व्याप सर्वश्रुत आहे. १९९८ साली केंद्र सरकार, महाराष्ट्र शासन आणि वारणा समूह यांनी मिळून या परिसरातील सुमारे सत्तर गावांना संगणकांनी जोडण्याची योजना आखली. ग्रामीण भागात इतक्या मोठ्या प्रमाणावर संगणक नेण्याचा हा देशातील अगदी आरंभीचा प्रयत्न होता. शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, शिक्षण, सारे काही गावातल्या केंद्रावर मिळावे अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात काय झाले? काही वर्षांनी अभ्यासकांनी तेथे जाऊन पाहिले तेव्हा त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः एकाच कामासाठी होत होता. तो म्हणजे उसाचा हिशेब. आपला ऊस किती टन भरला, खताची उचल किती झाली, बिलाची रक्कम कधी मिळणार, हे शेतकऱ्याला गावातच कळत होते आणि त्यासाठी कारखान्याच्या कचेरीपर्यंतची खेप वाचत होती. बाकीच्या मोठ्या कल्पना मागे पडल्या. पण शेतकऱ्याच्या पैशाशी जे निगडित होते ते टिकले. पुढे काही गावांत प्रयोगादाखल संगणकाऐवजी साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने हीच माहिती देण्यात आली आणि कमी खर्चात तेच काम झाले. वारणेने शिकविलेला धडा असा की, खेड्यातील माणसाला यंत्राचे कौतुक नसते, त्याला त्याचा हिशेब हवा असतो. तो ज्या साधनाने सोपेपणी मिळेल ते साधन उत्तम.

मात्र वारणेच्या शेतकऱ्याजवळ एक मोठी गोष्ट होती. तो कारखान्याचा सभासद होता, त्याच्या उसावाचून कारखाना चालत नव्हता, त्यामुळे त्याला हिशेब देणे संस्थेच्याही हिताचे होते. ज्याच्याजवळ ऊसही नाही आणि सभासदत्वही नाही, त्या भूमिहीन मजुराला हिशेब कोण दाखविणार? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपल्याला राजस्थानातच यावे लागते.

राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या लहानशा वस्तीत श्रीमती अरुणा रॉय, श्री. निखिल डे आणि श्री. शंकर सिंह हे येऊन राहिले. अरुणाबाईंनी १९७५ साली भारतीय प्रशासन सेवेचा राजीनामा दिला होता. आसपासच्या मजुरांसह १९९० साली त्यांनी मजदूर किसान शक्ती संगठन स्थापन केले. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांची तक्रार साधी होती : किमान वेतन पदरात पडत नाही, आणि विचारले तर उत्तर मिळते की तुम्ही काम कमी केले, कागदात तसे लिहिले आहे. मग मजूर म्हणू लागले, तो कागद आम्हाला दाखवा.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. सरकारी हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आले. अशा सुनावण्यांतून काय काय बाहेर आले! कामावर कधी न गेलेल्यांची नावे, मृतांच्या नावावर उचललेली मजुरी, कागदावर बांधून पूर्ण झालेल्या आणि जमिनीवर नसलेल्या इमारती. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले, १९९७ साली खुद्द या जयपुरात त्रेपन्न दिवसांचे झाले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा आपल्यापैकी जुन्या मंडळींनी तेव्हा कानांनी ऐकली असेल. राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा २००० साली झाला, महाराष्ट्राचा २००२ साली आणि सबंध देशाचा २००५ साली.

येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. त्याच २००५ साली संसदेने रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला. ती कल्पना महाराष्ट्राची. श्री. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा लहानसा प्रयोग केला. १९७२ च्या भीषण दुष्काळात ती राज्यभर कसाला लागली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. म्हणजे कामाचा हक्क महाराष्ट्राने दिला आणि त्या कामाचा हिशेब पाहण्याचा हक्क राजस्थानने दिला. या दोन धारा एकत्र आल्या तेव्हाच, देशाच्या इतिहासात प्रथमच, कोट्यवधी मजुरांचे हजेरीपट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येऊ लागले. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. परंतु हजेरीपट ही गुप्त ठेवण्याची वस्तू नव्हे, हा संस्कार दोन दशकांत रुजला, तो सहजासहजी पुसला जाऊ नये.

तरीही संकेतस्थळावर माहिती टाकली म्हणजे ती गावाला मिळाली असे होत नाही. पत्र पेटीत पडले म्हणजे पोचले असे नव्हे. म्हणून राजस्थानातील कित्येक पंचायतींत कामे, खर्च आणि मजुरांची नावे भिंतींवर रंगवून ठेवण्यात आली. वाटेने जाणारा शाळकरी मुलगा ती आजीला वाचून दाखवी. ती भिंत हेही माहितीचे तंत्रज्ञानच होय, आणि तिला वीज लागत नाही.

या साऱ्या अनुभवाचे पुढचे पाऊल १३ सप्टेंबर २०१९ रोजी जयपुरात पडले. त्या दिवशी राजस्थान सरकारने ‘जन सूचना पोर्टल’ सुरू केले. आरंभी तेरा खात्यांच्या तेवीस योजनांची माहिती त्यावर होती. पुढे ती पुष्कळ वाढली. अर्ज नको, शुल्क नको, परवलीचा शब्द नको. जिल्हा, तालुका, पंचायत निवडत गेले की आपल्या गावातील शिधावाटप दुकानात किती गहू आला, निवृत्तिवेतन कोणाकोणाला मंजूर झाले, कोणते काम किती रुपयांचे झाले, हे दिसते. माहिती अधिकाराच्या कायद्याच्या चौथ्या कलमात असे म्हटले आहे की, शासनाने स्वतःहून इतकी माहिती प्रकट करावी की लोकांना अर्ज करण्याची गरज कमीतकमी भासावी. त्या कलमाला मूर्त रूप देण्याचा हा प्रयत्न होता. सरकारी अधिकारी आणि गावोगावचे कार्यकर्ते समोरासमोर बसून काय दाखवावे आणि कसे दाखवावे हे ठरवीत, हे त्याचे विशेष. खाणींत दगड फोडताना फुप्फुसात धूळ साठून सिलिकोसिस झालेल्या कामगारांची साहाय्यप्रकरणेही त्यात आली. ज्या राजस्थानी दगडाच्या वास्तूंचे सौंदर्य आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो, त्यामागे हे कामगार आहेत, याची जाणीव आपण ठेवली पाहिजे.

आता नाण्याची दुसरी बाजू. संगणकाने कागदाचे दोष संपविले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २०१६ च्या सुमारास याच राज्यात निवृत्तिवेतनाच्या याद्या संगणकावर पडताळल्या गेल्या, तेव्हा हयात वृद्धांची नावे मृत म्हणून कमी झाल्याची प्रकरणे उघडकीस आली. पूर्वी मेलेला मनुष्य कागदावर जिवंत राही. आता जिवंत मनुष्य कागदावर मरू लागला. शिधा घेताना बोटाचा ठसा यंत्राला पटावा लागतो; पण जन्मभर माती आणि दगड उपसलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. ठसा पटला नाही, संदेशवहन बंद पडले, तर धान्य दुकानात असूनही म्हातारी रिकाम्या पिशवीने परतते. तिने दाद कोणाकडे मागावी? दुकानदार यंत्राकडे बोट दाखवितो आणि यंत्राशी भांडता येत नाही. कुळकर्ण्याला निदान चेहरा होता.

तेव्हा ग्रामविकासासाठी तंत्रज्ञान वापरताना तीन पथ्ये पाळली पाहिजेत असे मला वाटते. एक, माहिती जशी खेड्याकडून राजधानीकडे जाते तशीच ती राजधानीकडून खेड्याकडे परत आली पाहिजे, आणि तीही गावाच्या भाषेत. दोन, यंत्र नाही म्हणाले तर होय म्हणण्याचा अधिकार असलेला जबाबदार मनुष्य गावात असला पाहिजे. तीन, नोंद करण्याचे काम जेवढे शक्य तेवढे ज्याची नोंद त्याच्याच हाती यावे. महाराष्ट्रात २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. आपल्या शेतात उभ्या असलेल्या पिकाचे छायाचित्र काढून त्याची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवर करू लागला. अडचणी अनेक आहेत. वृद्ध शेतकऱ्याला ते जमत नाही, डोंगरात संपर्क मिळत नाही. तरी फुल्यांच्या काळी जी लेखणी शेतकऱ्याच्या हाती नव्हती ती, निदान एका रकान्यापुरती, त्याच्या हाती आली, हे थोडे नव्हे.

शेवटी आपल्याविषयी दोन शब्द. आपल्यापैकी पुष्कळांची गावी वाटणीची थोडीफार जमीन आहे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळू लागला आणि तलाठ्याकडे कोणाला तरी पाठविण्याची आपली यातायात संपली. या सोयीचा पहिला लाभ गावापासून दूर असलेल्या आपल्यासारख्या सुशिक्षितांना झाला आणि बांधावर उभा असलेला आपला चुलतभाऊ मागे राहिला, हे लक्षात घ्यावे. जो लाभ आधी मिळाला त्याचे ऋणही आधी फेडले पाहिजे.

हे ऋण फेडण्यासाठी मोठी योजना नको. आपल्या घरी काम करणाऱ्या बाई, इमारतीवरचा गवंडी, सोसायटीचा पहारेकरी, यांपैकी बहुतेक जण टोंक, दौसा, करौलीकडच्या एखाद्या गावाचे असतात. त्यांच्या आईचे निवृत्तिवेतन सुरू आहे की नाही, शिधापत्रिकेवर नावे बरोबर आहेत की नाहीत, हे पाहून देण्यास पाच मिनिटे पुरतात. मंडळाच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी आपल्या दोन-चार तरुणांनी एवढ्यासाठी बसावे. आपली मुले या यंत्रांत तरबेज आहेत. त्यांच्या बोटांना हे वळण लागले तर गाव म्हणजे काय हेही त्यांना कळेल. या भूमीने आपल्याला पन्नास वर्षे आसरा दिला. तिच्या खेड्यांना त्यांचा हिशेब वाचून दाखविणे, ही तिच्याप्रती कृतज्ञता व्यक्त करण्याची एक साधी रीत आहे.