चोखोबांची पायरी आणि नवा देश



देश स्वतंत्र व्हायला साडेतीन महिने उरले होते. पंढरीत मात्र चोखोबांच्या लेकरांना विठ्ठलाचं दार बंद. चालणं तेच, एकादशी तीच, नाम तेच. पण त्यांनी कळस पाहून माघारी फिरायचं! आणि चोखोबांची समाधी तर महाद्वारासमोरच.

साने गुरुजींना हे सोसवेना. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांना विनवलं आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण धरलं. विरोध मोठा होता. तरी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. मंदिर खुलं करायचं ठरलं, तेव्हा १० मेला उपोषण सुटलं.

पुढं २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली. कलम १७ नं अस्पृश्यता मोडली, कलम २५ नं ज्याची त्याची श्रद्धा मोकळी केली.

काटेवाडीत परीट बांधव तुकोबांच्या पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात, तेव्हा आपण हात जोडतो. मग गावी परतल्यावर पंगतीत जात का बघायची? दिंडीला शंभर वर्षं झाली. गळ्यात वीणा घेताना एवढं तपासू: आपल्या दारात अजून कुणी पायरीवरच उभं नाही ना?

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!